गाव जाळलं, मग कागद कुठले?

सुट्टीत पुण्याला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, ‘अगं, तुझ्या सासरच्यांना गावं जाळून हाकललं होतं ना? मग एवढी वंशावळ सापडली कुठे?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

नवरा अमेरिकेतल्या लुइझियानातला केजन, म्हणजे तिथे येऊन वसलेल्या अकादियनांचा वंशज. अकादियन म्हणजे आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडे वसलेले फ्रेंच. त्याचा मूळपुरुष तिथल्या ग्राँ-प्रे गावचा. ५ सप्टेंबर १७५५ रोजी इंग्रजांच्या विन्स्लो नावाच्या अधिकाऱ्यानं तिथल्या ४१८ पुरुषांना आणि पोरांना चर्चमध्ये बोलावून कोंडलं. तुमच्या जमिनी, घरं, गुरं आता इंग्लंडच्या राजाची, असं वाचून दाखवलं. त्यानंच घरटी यादीही केली. कर्त्याचं नाव, पुढे मुलगे किती, मुली किती, बैल, गाई, मेंढ्या, डुकरं, घोडी किती. लुटीचा हिशेब चोख! आमच्या हाती लागलेला पहिला कागद तोच.

पण एका गावात एकाच नावाचे चार-चार पिएर. त्यातला आपला कुठला? इथे बायका कामी आल्या. फ्रेंच चर्चच्या दप्तरात बाई मरेपर्यंत माहेरच्या आडनावानंच राहते. माझ्या पणजीचं माहेरचं नाव आज घरात कुणालाच ठाऊक नाही, लग्नात नावसुद्धा बदललं होतं. या मूळपुरुषाच्या बायकोची मात्र १७४० च्या सुमाराची आई, आजी, सगळ्या आडनावानिशी सापडल्या.

आमचा माणूस हद्दपार करून व्हर्जिनियाला पाठवलेल्यांतला. व्हर्जिनियानं त्यांना ठेवून घेतलं नाही, इंग्लंडला धाडलं. इंग्लंड-फ्रान्सच्या १७६३ च्या तहानंतर ते फ्रान्सला गेले. त्यांतल्या ७८ कुटुंबांना तिथल्या बेल-ईल बेटावर जमिनी मिळाल्या. जुनी दप्तरं हाताशी नव्हती, म्हणून १७६७ साली घरोघरच्या कर्त्यांनी शपथेवर आपापल्या आजा-पणजांची नावं सांगितली आणि ती लिहून घेतली गेली. त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या चोपड्या आठवल्या मला. फक्त इथे चोपडी माणसांच्या डोक्यात होती. पुढे १७८५ मध्ये सात जहाजांतून सुमारे १,६०० जण लुइझियानाला आले, त्यात आमचेही.

आणि ग्राँ-प्रेच्या चर्चची १७०७ ते १७४८ ची दप्तरं? ती हद्दपार माणसांनीच सोबत वाहून आणली. घरदार सुटलं, बाप्तिस्म्याची वही नाही सुटली. आता ती लुइझियानातल्याच बॅटन रूज शहरात आहे, आमच्यापासून तासाभरावर.

नातवाचं मूळ सापडल्याचं मी कौतुकानं सांगितलं, तेव्हा आजेसासूबाई गम्बो, म्हणजे इथला दाट रस्सा, ढवळत होत्या. म्हणाल्या, ‘छान. आता माझ्या माहेरचं कधी बघतेस?’