झिजलेल्या ट्रम्पेटला कोणते तेल : सांगलीच्या उन्हाळ्यातील नोंद

मागील नोंदीत जुन्या ट्रम्पेटच्या अडकलेल्या स्लाइड (आत-बाहेर सरकणाऱ्या नळ्या) मोकळ्या झाल्याचे लिहिले होते. या वेळी विषय केवळ व्हॉल्व्हच्या, म्हणजे बोटांनी दाबायच्या झडपांच्या, तेलाचा आहे. वाद्य मेरठचे असून माझ्या हाती येण्यापूर्वी ते अनेक लग्नसराया वरातींत वाजलेले आहे. त्याचे पिस्टन (व्हॉल्व्हमध्ये वर-खाली होणारी नळकांडी) बरेच झिजलेले आहेत आणि तेलाची निवड शेवटी या झिजेवरूनच ठरली.

पिस्टन आणि तो ज्यात सरकतो ते केसिंग यांच्यातील फट चांगल्या नव्या वाद्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असते. धातूवर धातू घासू न देणे हे तेलाचे एक काम सर्वांना ठाऊक आहे; पण ती फट भरून हवा कोंडून धरणे हेही त्याचेच काम असते आणि तिकडे आपले सहसा लक्ष जात नाही. फट वाढली की पातळ तेल तिच्यात टिकत नाही, हवा निसटते आणि वरच्या सप्तकातील स्वरांना नको इतका दम लागतो. उलट, घट्ट बसलेल्या नव्या पिस्टनला दाट तेल घातले, तर दाबलेला पिस्टन वर येताना रेंगाळतो. म्हणून ‘सर्वांत चांगले तेल कोणते’ असे विचारण्याआधी आपले वाद्य किती झिजले आहे, हे पाहून घ्यावे.

ते पाहण्याची रीत सोपी आहे. व्हॉल्व्ह न दाबता दुसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड झटकन ओढून काढावी. हवा नीट कोंडली जात असेल, तर ‘पट्’ असा आवाज येतो. माझ्या वाद्यात पिस्टन कोरडे असताना आवाज येतच नव्हता, पातळ तेलावर तो जेमतेम आला आणि दाट तेलावर स्वच्छ ऐकू आला.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात लिहितो. रॉकेल हे पेट्रोलियमच्या पातळ तेलांच्याच कुळातले असल्यामुळे पिस्टन त्यावर पळतो खरा, पण ते लवकर उडते आणि तोंडाशी धरायच्या वाद्यात तो वास कोण सहन करणार? खोबरेल तर २४ अंशांच्या खाली थिजते, म्हणजे आपल्याकडील हिवाळ्यातल्या सकाळी पिस्टन जागीच बसणार. शिवणयंत्राचे तेल या कामासाठी जड पडते.

खास व्हॉल्व्हसाठी मिळणाऱ्या तेलांपैकी अल कॅससारखे पेट्रोलियमचे तेल हाताला फार हलके लागते. मात्र एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत, संध्याकाळी घातलेले तेल दुसऱ्या दिवशी जवळजवळ नाहीसे झालेले असे आणि पिस्टनला खरखर लागे. सिंथेटिक तेले इतक्या लवकर उडत नाहीत. यामाहाच्या तेलात लाइट, रेग्युलर आणि व्हिंटेज असे प्रकार आहेत, तर हेटमनच्या पिस्टनच्या तेलांना १, २, ३ असे क्रमांक असून क्रमांक वाढतो तसा दाटपणा वाढतो. लाइट माझ्या वाद्यात टिकलेच नाही. रेग्युलर बरे वाटले, पण हवा पूर्ण धरली ती व्हिंटेजने. ते मोठी फट पडलेल्या जुन्या वाद्यांसाठीच बनवलेले आहे.

तेल बदलण्यापूर्वी गावभागातील एका वयस्कर बँडमास्तरांना वाद्य दाखवले होते. त्यांनी बाटलीकडे पाहिलेही नाही. पिस्टन उपसून उजेडात धरला आणि म्हणाले, “तेलाचं नंतर बघू सर, आधी धुवून तर घ्या की!” पिस्टनच्या भोकांच्या कडांना काळपट हिरवी राड धरली होती. नमदे (पिस्टनखालच्या-वरच्या मऊ चकत्या) काढून ठेवले, कोमट पाण्यात भांडी घासण्याचा साबण घालून पिस्टन आणि केसिंग आतून धुतले आणि जुन्या मलमलीने कोरडे केले. पाणी कढत घेऊ नये, लॅकर (पितळेवरचा चकचकीत लेप) उडते. पेट्रोलियमच्या तेलावरून सिंथेटिकवर जाताना तर ही धुलाई चुकवूच नये, कारण दोन्ही तेले एकत्र झाली की चिकटा धरण्याची भीती असते. धुतल्यानंतर साधे रेग्युलर तेलही आधीपेक्षा कितीतरी चांगले चालले, हे येथे नोंदवलेच पाहिजे.

तेल घालताना वरचे टोपण फिरवून पिस्टन अर्धा वर घ्यावा, त्याच्या रुंद भागावर तीन-चार थेंब सोडावेत आणि खाचेत ‘टक्’ असा बसेपर्यंत फिरवून टोपण लावावे. पिस्टनवरील क्रमांक पाहून ज्याचा त्याच केसिंगमध्ये घालावा. तळाच्या भोकातून तेल सोडण्याची सवय काहींना असते. त्याने खाली साचलेली घाण पिस्टनवर चढते. स्लाइडचे ग्रीसही बेतानेच लावावे, कारण जास्तीचे ग्रीस आत उतरून पिस्टन जड करते.

आता पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह मनासारखे चालतात. दुसरा द्रुत लयीत अजून किंचित मागे राहतो. धुऊन आणि तेल बदलूनही फरक पडलेला नाही, त्यामुळे आता त्याची स्प्रिंग बदलून पाहणार आहे. ज्यांचे वाद्य नवे आणि घट्ट आहे, त्यांनी माझ्यावरून व्हिंटेज आणू नये. लाइटपासून सुरुवात करावी आणि स्लाइडचा आवाज मंदावला तरच दाट तेलाकडे वळावे.