न्यूपोर्टच्या किल्ल्यात ऐकलेला बँजो

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट या बंदरगावी जुलैच्या अखेरीस तीन दिवस ‘न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हल’ भरतो. १९५९ साली सुरू झालेल्या या महोत्सवाच्या नावात केवळ लोकसंगीत असले, तरी त्याच मुळावर वाढलेल्या ब्लूग्रास (बँजो, फिडल अशा तारवाद्यांवरचे संगीत) आणि कंट्री (अमेरिकी ग्रामीण वळणाचे संगीत) गायकीलाही तेथे आरंभापासून स्थान आहे. पहिल्याच वर्षी ब्लूग्रासचे नामवंत वादक अर्ल स्क्रग्ज यांचा बँजो, म्हणजे लांब दांडीचे, गोल कातडी तोंडाचे तारवाद्य, तेथे वाजला होता आणि १९६४ साली कंट्री गायक जॉनी कॅश तेथे गाऊन गेले. कामानिमित्त बॉस्टनमध्ये राहत असताना मला या महोत्सवाचा एक दिवस ऐकता आला.

तिकीट मिळवणे हेच सर्वांत कठीण गेले. कलाकारांची नावे जाहीर होण्याआधीच येथील तिकिटे संपतात, म्हणजे श्रोता एखाद्या गायकावर नव्हे तर महोत्सवावर विश्वास ठेवून पैसे भरतो, हे मला ठाऊक नव्हते. विक्रीच्या दिवशी मी काही मिनिटे उशिरा पोहोचलो आणि हात हलवत परतलो. प्रतीक्षायादीत नाव नोंदवले होते, त्यातून पुढे शनिवारचे एक तिकीट मिळाले. बॉस्टनहून प्रॉव्हिडन्सपर्यंत रेल्वेने, तेथून न्यूपोर्टपर्यंत बसने आणि शेवटचा टप्पा बोटीने असा प्रवास केला. फोर्ट ॲडम्स हा एकोणिसाव्या शतकातील दगडी किल्ला बंदराच्या मुखाशी आहे आणि १९८५ पासून महोत्सव तेथेच भरतो, त्यामुळे पाण्यातून जाणे सोयीचे आहेच. शिवाय मुख्य रंगमंचावरचा आवाज किनारा येण्याआधीच कानांवर पडू लागतो, तो आनंद रस्त्याने जाणाऱ्याला मिळत नाही.

पहिले दोन तास मी वाया घालवले. एकाच वेळी अनेक रंगमंचांवर कार्यक्रम चालू असतात आणि सर्वच ऐकावे या हव्यासापोटी मी भर उन्हात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरत राहिलो. कोठे शेवटचे कडवे ऐकले, कोठे नुसते वाद्य जुळवणे ऐकले. लोकगीत असे तुकड्यांनी ऐकता येत नाही. अकरा-बारा कडव्यांतून एक कथा उलगडत असते. तिसऱ्या कडव्यात नदीकाठी गेलेल्या मुलीचे काय झाले हे नवव्या कडव्यात कळते, आणि मध्येच उठलेल्या माणसाच्या हाती केवळ चाल उरते. दुपारी किल्ल्याच्या अंगणातील क्वाड रंगमंचासमोर बसायला जागा मिळाली, तेव्हा कार्यक्रमपत्रिका पिशवीत ठेवली आणि आता येथून हलायचे नाही असे ठरवले.

तेथे बँजो वाजवणारा एक गायक आणि फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) वाजवणारी एक गायिका असे दोघे आले. दोघांसाठी मिळून एकच मायक्रोफोन होता. ज्याचे वादन पुढे यायचे तो मायक्रोफोनजवळ येई आणि दुसरा अर्धे पाऊल मागे सरके. आवाजाचा तोल यंत्राने नव्हे, तर त्यांच्या उभे राहण्यातून साधला जात होता. ही ब्लूग्रासमधील जुनी पद्धत आहे, पण ती डोळ्यांसमोर पाहिल्याशिवाय त्यामागचे कसब लक्षात येत नाही. बँजोची पाचवी तार इतर तारांहून आखूड असते आणि तिची खुंटी दांडीच्या मध्येच, पाचव्या पडद्याजवळ बसवलेली असते. बोटाचे नख तारेवर वरून खाली पडते आणि लगेच अंगठा त्या आखूड तारेला छेडतो, त्यामुळे चाल कोठेही गेली तरी एक उंच स्वर मागे अखंड वाजत राहतो. सतारीची चिकारी ज्याने ऐकली आहे, त्याला हे चटकन ओळखीचे वाटेल. हे वाद्य गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यांतून घडले, हे त्या गायिकेने वादनाआधी आवर्जून सांगितले आणि मला ते फार योग्य वाटले.

मग तिने फिडल खाली ठेवले आणि साथीशिवाय पूर्व अमेरिकेतील ॲपलाचियन डोंगराळ भागातील एक जुने कथागीत म्हटले. त्यात खून होता, पश्चात्ताप होता, पण तिचा चेहरा स्थिर होता आणि आवाज कोठेही चढला नाही. आपल्या पोवाड्यात शाहीर प्रसंगाला आवाजाने उठाव देतो. येथे गाणारा स्वतः बाजूला होतो आणि कथेचा भार ऐकणाऱ्यावर येतो. तंबूतील शेकडो माणसे त्या वेळी इतकी शांत होती की किल्ल्याबाहेरच्या रंगमंचावरचा ढोल स्पष्ट ऐकू येत होता.

संध्याकाळी मुख्य रंगमंचावर एका कंट्री वाद्यवृंदात पेडल स्टील गिटार, म्हणजे चौकटीवर आडवी बसवलेली गिटार, होती. वादक डाव्या हाताने धातूची दांडी तारांवरून सरकवतो आणि त्याच वेळी पायांनी व गुडघ्यांनी तारांचा ताण बदलतो, त्यामुळे एक स्वर जागीच थांबतो आणि शेजारचा मींड घेत वर चढतो. पाठीमागे पाण्यात नांगर टाकून उभ्या असलेल्या शिडाच्या होड्यांतूनही लोक ऐकत होते. शेवटच्या गाण्याच्या ध्रुवपदाला सगळे मैदान उभे राहून गाऊ लागले. मला शब्द येत नव्हते, तरी दुसऱ्या फेरीपासून मीही झील धरली. परतीच्या बोटीत शेजारी बसलेल्या वृद्ध बाई तेच ध्रुवपद हलक्या आवाजात म्हणत होत्या, आणि धक्का येईपर्यंत मी त्यांच्याकडून त्या गाण्याची चारही कडवी लिहून घेतली.