जिथून निघालो तिथेच

पावसाची सर ओसरेपर्यंत आडोसा म्हणून डॉर्किंगच्या एका चॅरिटी शॉपमध्ये शिरलो, आणि तिथल्या जुन्या पुस्तकांच्या खोक्यात मला एक नकाशा मिळाला. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याचा, नारिंगी वेष्टनाचा, घड्यांवर झिजून भोके पडलेला. घरी येऊन तो टेबलावर पसरला तेव्हा दिसले, की आधीच्या मालकाने त्यावर पेन्सिलीने पायी फिरायच्या फेऱ्या आखून ठेवल्या आहेत. काही लांबट, काही एका बाजूने चेपलेल्या, पण प्रत्येक फेरी एखाद्या कार पार्कपासून निघून पुन्हा तिथेच येऊन मिटलेली. कडेला बारीक अक्षरांत शेरे होते. एका ठिकाणी ‘चिखल’, एका ठिकाणी ‘सोमवारी पब बंद’, आणि एका शेतावर, बाकी काही न लिहिता, ‘वळू?’ एवढेच. त्या प्रश्नचिन्हावर माझी उरलेली दुपार गेली.

दक्षिण इंग्लंडात काही वर्षे काढलेल्या माणसाकडे अशा दोनचार फेऱ्या हक्काच्या असतात. बॉक्स हिलची सर्वांना ठाऊक असते. तिच्यात मोल नदी दगडांवरून ओलांडावी लागते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या स्वारीच्या धास्तीने ते दगड काढून टाकले होते, आणि 1946 साली पंतप्रधान ॲटली यांच्या हस्ते ती वाट पुन्हा खुली झाली. वर टेकडीवर लाबिलिएर नावाच्या एका मेजरची खूण आहे. जग उलटेपालटे झाले आहे, तेव्हा अखेरच्या दिवशी आपण तरी सुलट असावे, म्हणून या गृहस्थाने स्वतःला डोके खाली करून पुरायला लावले, आणि 1800 साली लोकांनी त्याचे ऐकलेही. सेव्हन सिस्टर्सच्या फेरीत अर्धा वेळ खडूच्या पांढऱ्या कड्यांवरचा वारा असतो आणि अर्धा वेळ फ्रिस्टनच्या रानातली सावली. चिल्टर्न टेकड्यांच्या फेऱ्यांत डोक्यावर तांबड्या घारी असतात. ब्लूबेलच्या फुलांविषयी मी लिहिणार नाही. मे महिन्यात सगळेच लिहितात.

या फेऱ्यांच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे, आणि घरात त्याची यथेच्छ थट्टा होते. फेरीचा मध्य माझ्या उजव्या हाताला राहिला पाहिजे. छापील माहितीपत्रकात उलट दिशा दिलेली असली, तर मी ते शेवटच्या ओळीपासून वर वाचत जातो आणि जिथे ‘डावीकडे वळा’ म्हटले असेल तिथे उजवीकडे वळतो. सेव्हन सिस्टर्सच्या फेरीला ईस्ट डीन गावाहून निघालो, की आधी किनाऱ्यावरचे बर्लिंग गॅप, मग समुद्र डावीकडे ठेवून पश्चिमेकडे, आणि परत येताना रान. सकाळी ऊन पडले आहे तर आधी रानातून जाऊ, असे कोणी कितीही गोड शब्दांत सुचवले तरी उपयोग होत नाही.

हे सगळे आजीचे संस्कार आहेत. श्रावणात सोमवारी ती मला महादेवाला घेऊन जाई आणि गुरुवारी दत्ताला. दत्ताच्या देवळात औदुंबराच्या पाराभोवती हव्या तितक्या प्रदक्षिणा घालायला मोकळीक होती, फक्त उलटी घालायची नाही. महादेवाच्या देवळात मात्र मी धावत सुटलो, की पन्हळीपाशी येताच मागून सदरा ओढला जाई. अभिषेकाचे पाणी जिथून बाहेर वाहते ती पन्हळ ओलांडायची नसते. तिथपर्यंत जायचे आणि आले त्याच वाटेने मागे फिरून दुसऱ्या बाजूने पुन्हा तिथपर्यंत यायचे. पायाखाली गार, ओला, बेलाच्या पानांनी निसरडा झालेला दगड असे, आणि पलीकडे अगदी एका उडीवर उरलेली वाट दिसत असे. ती अर्धी राहिलेली फेरी मला लहानपणी फार बोचत असे. सरळ कुठेतरी जाऊन त्याच वाटेने परत येण्याचा मला आजही मनस्वी कंटाळा आहे, तो बहुधा तिथलाच. एक फरक मात्र मान्य केला पाहिजे: प्रदक्षिणेच्या मधोमध देव असतो. इथे मधोमध कोणाची तरी गुरे असतात, एखादे घर असते, आणि क्वचित तो प्रश्नचिन्हातला वळू.

पेन्सिलीच्या त्या रेघांकडे बराच वेळ पाहत राहिलो तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नकाशावर हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या या पायवाटांपैकी एकही मुळात गोल नाही. एक वाट शेतमळ्यावरून चर्चला जाते, एक गिरणीला, एक पलीकडच्या गावाला. ज्या माणसांनी त्या तुडवल्या त्यांना काम होते, आणि काम असलेला माणूस वळसा घालत नाही. कामाची गरज संपल्यावर, रविवारी मोकळ्या असलेल्या लोकांनी चर्चच्या वाटेचा एक तुकडा, गिरणीच्या वाटेचा एक तुकडा असे जोडून या फेऱ्या तयार केल्या आहेत. गिरणी कधीच बंद पडली. तिथे आता कोणी श्रीमंत राहतो आणि त्याच्या हिरवळीच्या कडेने आपण हक्काने जातो.

हक्काने म्हणजे अगदी कायद्याने. 1949 च्या कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समधल्या सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याचे काम सुरू झाले, आणि त्यांवर जी वाट चढली ती पक्की झाली. शेत कोणाचे का असेना, वाट लोकांची. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण 14 दिवसांच्या आत ती पूर्ववत करून द्यावी लागते, आणि ती निदान एक मीटर रुंद हवी. बांधालगतची वाट तर नांगरताच येत नाही. म्हणून जूनमध्ये कमरेएवढ्या गव्हाच्या मधून, एका माणसापुरती, सरळ रेषेत वाट गेलेली दिसते आणि तिच्या टोकाला कुंपणावर चढून उतरायची लाकडी पायरी असते, जिला इथे स्टाइल म्हणतात. ओल्या लाकडावर पाय घसरू नये म्हणून त्या पायरीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी खिळ्यांनी ठोकलेली असते, आणि शेजारी कुत्र्यासाठी वर उचलायची एक फळी. आपल्या शेतातून परक्यांनी जावे, वर त्यांच्या कुत्र्याचीही सोय असावी, ही गोष्ट ज्याने गावाकडची भाऊबंदकी पाहिली आहे त्याच्या पचनी सहजासहजी पडत नाही.

बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांना लीथ हिलच्या फेरीला नेले होते. वर रिचर्ड हल याने 1765 च्या सुमारास बांधलेला मनोरा आहे. टेकडी 965 फूट, म्हणजे हजाराला थोडी कमी. मनोऱ्यावर चढले की हजार पुरे होतात. ‘‘गडी हिशेबी दिसतो,’’ एवढे प्रमाणपत्र त्यांनी दिले. हवा स्वच्छ होती, एका बाजूला लंडन दिसत होते, पण त्यांनी तिकडे फारसे पाहिले नाही. फेरी पुरी होऊन आम्ही गाडीपाशी आलो तेव्हा ते म्हणाले, ‘‘अरे, एवढं चालून परत गाडीपाशीच यायचं होतं, तर मी गाडीतच बसलो असतो की.’’

त्यांची नजर दिवसभर एकाच गोष्टीवर खिळली होती. खाली ऑक्ली गावाच्या बाजूला गव्हातून जाताना ते मध्येच थांबले, वाटेच्या दोन्ही कडांना वाकून पाहिले, पावलाने रुंदी मोजली, आणि विचारले, ‘‘ही कोणी कोरत नाही?’’

आमच्या शेताकडे जाणारी पाणंद गावनकाशावर आजही आहे. जमिनीवर ती दोन्ही बाजूंनी दरवर्षी थोडी थोडी नांगरली गेली, आधी बैलगाडी जायची बंद झाली, मग माणूस. आता कालव्यावरून मोठा वळसा घालून शेतात जावे लागते, आणि बाबा या वयातही रोज तसेच जातात. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली त्यांनी अर्ज केला आहे. तलाठ्याचा पंचनामा झाला, समोरच्यांचे म्हणणे दाखल झाले, दोनदा साहेब बदलले. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.