सारवणातली बोटे

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन सेवाग्रामला गेलो. आमच्या गावाहून एसटीने तासाभराची वाट, आणि तरीही वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत तिने ते पाहिलेले नव्हते. शेगावला मात्र ती गजानन महाराजांच्या दर्शनाला किती वेळा गेली असेल, याचा हिशेब नाही. गंमत अशी की सेवाग्रामचे मूळ नावही शेगाव असेच होते. दोन शेगावांच्या गोंधळात टपाल भलतीकडे जाऊ लागले, तेव्हा १९४० मध्ये या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे मी दोन्ही शेगाव केले म्हन."

जुने जगणे उघड्यावर मांडून दाखवणारी संग्रहालये जगात पुष्कळ आहेत. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्कान्सेन उभे केले. देशभरातली जुनी घरे उचलून तिथे आणली आणि त्यांत त्या काळच्या पोशाखातली माणसे कामाला ठेवली. आपल्याकडे कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात बारा बलुतेदारांचे गाव माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे आहे. मी ते पाहिले आहे, आणि पुतळे इतके हुबेहूब आहेत की कुंभाराच्या चाकाजवळ मी उगाचच थोडा वेळ थांबलो होतो. सेवाग्रामला यातले काहीच नाही. घरे कुठून आणलेली नाहीत, बांधली तिथेच आहेत, आणि पोशाख घालून कोणी काही करून दाखवत नाही. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना होते, तीही पाहुण्यांसाठी नव्हे.

गांधीजी इथे १९३६ मध्ये राहायला आले, ते जमनालाल बजाज यांच्या जमिनीवर. घर गावातल्याच सामानातून आणि गावातल्याच हातांनी व्हावे, अशी त्यांची अट होती. पहिल्या घरात, म्हणजे आदि निवासात, एकाच दालनात सगळे राहत. पुढे कस्तुरबांसाठी वेगळी कुटी झाली. आज जिला बापू कुटी म्हणतात, ती मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली. तिच्या मातीच्या भिंतीवर त्यांनी मातीनेच उठावात काढलेली ताडाची झाडे अजून दिसतात. साप पकडून दूर सोडून देण्यासाठीचा लाकडी चिमटा आहे, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला टेलिफोन आहे. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी दिल्लीला गेले, ते इथे परतले नाहीत.

हे सगळे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगत होतो आणि तिचे लक्ष जमिनीकडे होते. चपला बाहेर काढून आत आलो होतो. थंडीतल्या सारवणाचा तो किंचित ओलसर, मऊ गारवा पायांना लागताच ती थबकली. मग गुडघ्यावर हात टेकून खाली वाकली आणि सारवणातल्या बोटांच्या अर्धगोल रेघा निरखत राहिली. "हे सारवनारी डावखुरी हाये," ती म्हणाली. "पाह्य, बोटं इकून तिकडे गेले."

मी पाहिले, पण मला रेघांपलीकडे काही दिसले नाही. अनेकदा सेवाग्रामला आलो आहे, पाट्या पाठ झाल्या आहेत. पण पायाखालची जमीन कोणीतरी हाताने, उकिडवे बसून, मागे सरकत सरकत केलेली आहे, हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते.

मातीचे घर हे बांधून झाले असे कधी होतच नाही. आमच्याकडची काळी कापसाची माती भिंतीला चालत नाही. ती पाण्याने फुगते आणि वाळली की तडकते. त्यासाठी गावठाणातली पांढरी माती आणायची, तिच्यात कुटार कालवून ती भिजत घालायची, पायांनी तुडवायची आणि मग भिंती छाबायच्या, म्हणजे लिंपायच्या. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, पावसाळा संपला की ओल आलेला भाग पुन्हा छाबायचा, उधईवर नजर ठेवायची, आणि सारवण तर सतत चालूच. अशा घराचे संग्रहालय करायचे म्हणजे काय करायचे? काचेच्या पेटीत चष्मा ठेवता येतो, जमीन ठेवता येत नाही. गांधीजींचे पाय जिला लागले, त्या जमिनीवर आजवर किती थर चढले असतील! मग यातले मूळ काय, असा एक विद्वत्तापूर्ण प्रश्न मला पडला. आईला तो पडला नाही. सारवले नाही तर घर राहत नाही, एवढे तिला पुरेसे होते.

आमचे स्वतःचे मातीचे घर आम्ही अकरा वर्षांपूर्वी पाडले आणि स्लॅब टाकला. निर्णय माझाच होता आणि आजही मी तो चूक म्हणणार नाही, कारण दरवर्षी कवेलू फेरायला माणूस मिळत नव्हता आणि आईचे गुडघे गेले होते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की मात्र स्लॅबखाली कूलर लावूनही जीव नकोसा होतो आणि आई खाट घेऊन गोठ्यात जाते. गोठ्याची एक भिंत तिने पाडू दिलेली नाही. दिवाळीआधी ती भिंत ती अजून स्वतः छाबते. मी रागावतो आणि मग माती भिजवून देतो.

बाहेर पडताना एका कुटीच्या मागच्या पडवीत एक बाई सारवत बसलेली दिसली. घमेल्यात कालवलेले शेण, शेजारी पाण्याची बादली. आईने पहिल्यांदा तिचा हात पाहिला. उजवा होता.

"ते आतलं कोनं सारवलं वं?"

"माह्या जाऊनं," बाई म्हणाली. "काहून आजी?"

आईने माझ्याकडे एकदाच पाहिले. मग पदर खोचला आणि कोणी काही बोलायच्या आत भिंतीला टेकून खाली बसली. बाई हसली आणि तिने घमेले पुढे सरकवले. आईने सुपाएवढा तुकडा सारवला, कोपरा बोटाने नीट वळवला, आणि उठायला मात्र आम्हा दोघांचे हात लागले.

परतीच्या एसटीत तिने हाताचा वास घेतला आणि बराच वेळ खिडकीबाहेर उभ्या पऱ्हाटीकडे पाहत राहिली. मला वाटले, जुने घर आठवत असेल.

"शेन जरासं कमी टाकते त्या," ती म्हणाली.