ऑपरेशनचा तिसरा दिवस आणि अब्राहाम

मी वसईची, जेरुसलेममध्ये केअरगिव्हरचं काम करते. ज्या आजोबांना सांभाळते ते पक्के धार्मिक ज्यू, जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे आवाज अजून वर्गातलाच. दिवाळीच्या सुमारास पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी त्यांचे अभ्यासाचे जोडीदार काखेत पुस्तक मारून वॉर्डात हजर. ही माणसं तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, बायबलची पहिली पाच पुस्तकं) जोडीने वाचतात, म्हणजे खरं तर जोडीने भांडतात.

त्या आठवड्याचा पाठ उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे अध्याय 18 ते 22. सुरुवातीलाच भर उन्हात मम्रे इथे देव अब्राहामाला (ज्यूंचा मूळपुरुष) दर्शन देतो. कशासाठी आला ते तिथे लिहिलेलं नाही, पण तालमूद (जुन्या ज्यू गुरूंच्या चर्चांचा ग्रंथ) म्हणतो की सुंता होऊन तिसरा दिवस होता, दुखत होतं, म्हणून देव आजाऱ्याला भेटायला आला. आजोबा जोडीदाराकडे बघून म्हणाले, माझाही तिसराच दिवस, पण माझ्या वाट्याला हा आला!

तेवढ्यात गोळीची वेळ झाली. वाचन मध्येच कसं तोडायचं म्हणून मी पाणी घेऊन उभी, तर आजोबांनीच हात पुढे केला. अगं, तीन वाटसरू दिसले तर अब्राहाम साक्षात देवाला थांबायला सांगून त्यांच्याकडे धावला, तू आम्हा दोन म्हाताऱ्यांना काय घाबरतेस, दे गोळी.

मग पेटलं. देव सदोम हे पापी शहर नष्ट करायला निघतो, तर त्या शहरासाठी अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो, 50 नीतिमान असतील तर, 45 असतील तर, असं करत 10 वर आणतो, आणि वर ऐकवतो की सगळ्या जगाचा न्यायाधीशच न्याय करणार नाही का. आजोबांचं म्हणणं, परक्यांसाठी एवढं भांडला आणि देवाने स्वतःच्या पोराला बळी म्हणून वेदीवर चढवायला सांगितलं तेव्हा गप्प, मला हे पटत नाही, तिथे तो कमी पडला. जोडीदाराने लगेच रशी काढला (1040 ते 1105, फ्रान्सचा भाष्यकार, त्याच्याशिवाय यांचं पान हलत नाही). त्यात देव म्हणतो तुझा मुलगा घे, तर अब्राहाम म्हणतो मला दोन आहेत, देव म्हणतो तुझा लाडका, तर हा म्हणतो दोघेही लाडके. हे गप्प बसणं आहे का? आजोबा म्हणाले ही वेळ काढणं झाली, आणि बघ, डोंगरावर त्याचा हात देवदूत थांबवतो, त्यानंतर देव त्याच्याशी थेट बोललेला कुठे आहे दाखव. आवाज इतका चढला की सिस्टर धावत आल्या, बीपी लावला, दोघांना झापलं.

मी चर्चमध्ये वाढलेली. आमच्या फादरांच्या प्रवचनात अब्राहाम म्हणजे आज्ञाधारकपणा, विषय संपला. देवाचं नाव घेताना डोळे मिटणारी ही माणसं त्याच देवाच्या लाडक्या भक्ताला नापास करतायत हे माझ्या पचनी पडेना. तरी तोंडातून निघून गेलंच, त्याच्या बायकोला, साराला कुणी विचारलं होतं का?

जोडीदार माझ्याकडे बघायला लागले, बहुतेक पहिल्यांदाच. म्हणाले, साराचा मृत्यू अगदी पुढच्याच अध्यायात आहे, पोराची बातमी कानावर पडली आणि तिचा जीव गेला असं रशी सांगतो. आजोबा म्हणाले, मग पुढच्या आठवड्यात हीच बसेल माझ्याबरोबर, तू घरी थांब.

एवढ्यात फिजिओवाली वॉकर घेऊन आली. आजोबांनी अर्धा तास मागितला, मग वीस मिनिटं, मग दहा. तिने पाचसुद्धा दिली नाहीत.