माणसाआधी येणारा सूर

घरात एखादी तक्रार तिसऱ्यांदा निघाली की आपण म्हणतो, 'झालं, यांचं पालुपद सुरू!' पालुपद म्हणजे खरं तर गाण्यात कडव्यामागून कडवं संपलं की परत येणारी ओळ. पण रोजच्या बोलण्यात तिला कंटाळ्याचा वास लागला तो लागलाच. पाश्चात्त्य संगीतातल्या 'लाइटमोटिफ' या परत येणाऱ्या सुरावटीचं नशीब मात्र थोर. कादंबरीत चारदा पाऊस पडला की समीक्षक म्हणणार, लाइटमोटिफ. मालिकेचं शीर्षकगीत रोज त्याच वेळी वाजतं, तोही लाइटमोटिफ. जे परत येतं ते सगळं या एकाच पोत्यात.

पहिली गोष्ट, यातल्या 'लाइट'चा उजेडाशी संबंध नाही, हलकेपणाशीही नाही. जर्मनमध्ये 'लाइटेन' म्हणजे पुढे होऊन वाट दाखवणं. वाट दाखवायची तर कुठेतरी पोचवायला हवं. शीर्षकगीत कुठेही पोचवत नाही, ते नुसती दाराची घंटा वाजवतं. ख्यालातला मुखडाही दर आवर्तनाला समेवर येतो, आणि त्या येण्यातलं सुख मोठं आहे. पण तो बंदिशीबाहेरच्या कुणाबद्दल काही सांगत नाही. लाइटमोटिफ सांगतो. एखादं माणूस, वस्तू, शपथ किंवा भीती यांच्याशी त्याची गाठ मारलेली असते.

ही गाठ कशी मारतात ते पाहायचं तर जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नरच्या 'रिंग'कडे जावं लागतं. चार ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारी नाटकं, मिळून साधारण पंधरा तास. सगळे सलग पहिल्यांदा झाले ते जर्मनीतल्या बायरॉइटला, ऑगस्ट १८७६मध्ये. आरंभी ऱ्हाइन नदीचं पाणी. १३६ मात्राखंड (ठरावीक मात्रांचे तुकडे, 'बार') एकच स्वरसंगती धरून ठेवलेली, आणि तिच्यातून हॉर्न वर चढतात : सा, प, सां, गं, पं. एवढंच. पुढे जमिनीतून धरणीदेवता एर्डा वर येते तेव्हा तीच चढण ऐकू येते, फक्त गंधार कोमल झालेला आणि लय जड. मग ती म्हणते की जे जे आहे ते संपणार आहे, आणि चढणारी सुरावट उलटी होऊन उतरू लागते. देवांचा अंत नदीच्याच सुरांतून घडवलेला आहे, हे कुणी समजावून सांगत नाही. याच पहिल्या ऑपेरात पहिल्या प्रवेशातून दुसऱ्यात जाताना, सत्ता देणाऱ्या अंगठीची वाकडी, अस्वस्थ सुरावट हळूहळू सरळ होत देवांच्या भव्य महालाची, वालहालाची होते. लोभ आणि वैभव एकाच मातीचे. रंगमंचावर त्या वेळी फक्त देखावा बदलत असतो.

खरी करामत मात्र दुसऱ्या ऑपेराच्या पहिल्या अंकात आहे. झीगलिंडे आपल्या लग्नातली हकिगत सांगते : एक अनोळखी म्हातारा आला, टोपी एका डोळ्यावर ओढलेली, आणि त्याने झाडाच्या बुंध्यात तलवार खुपसली. तो कोण, तिला ठाऊक नाही. वाद्यवृंद खालून हळूच वालहालाची सुरावट वाजवतो. म्हातारा म्हणजे देव वोटान, तिचा बाप. प्रेक्षकाला कळलं, तिला नाही. पालुपदाला हे कधीच जमणार नाही.

असं जमायला काही पथ्यं लागतात. सुरावट आखूड हवी, बहुतेकदा एक ते चार मात्राखंडांची. लांबलचक चाल मध्येच तोडली की ओळखू येत नाही. पहिल्यांदा ती येते तेव्हा समोर नेमकी गोष्ट दिसायला हवी, नाहीतर गाठ बसत नाही. परत येताना काहीतरी बदलायला हवं : लय, वाद्य किंवा एखादा स्वर. पण सगळं एकदम बदललं तर कान चुकतो, म्हणून निदान ताल किंवा चढउताराचा आकार जपावा लागतो. निबेलुंग या लोहारकाम करणाऱ्या बुटक्यांच्या बाबतीत तर नुसता ठोक्यांचा नमुना पुरतो. त्यासाठी वाग्नरने पडद्यामागे १८ ऐरणी मागितल्या आहेत. सगळ्यांत घातक चूक म्हणजे पात्र आत आलं की दर वेळी त्याची सुरावट वाजवणं. पात्र समोर उभंच आहे, मग त्याचं व्हिजिटिंग कार्ड कशाला?

या कार्डांना वाग्नरच्या एका चाहत्याने हातभार लावला. हान्स फॉन वोल्त्सोगेनने १८७६मध्ये वाटाड्या पुस्तक काढून सुरावटींना नावं दिली : तलवार, शाप, पलायन. नावं सोयीची, म्हणून चिकटली. पण 'पलायन' म्हटलेली सुरावट मुळात प्रेमाची आहे, असं पुढे डेरिक कुक या इंग्रज अभ्यासकाने पटवून दिलं. आणि ज्या सुरावटीवर 'प्रेमाचा त्याग' अशी चिठ्ठी आहे, तीच झीगलिंडेचा प्रियकर झीग्मुंड झाडातली ती तलवार उपसताना गातो, ऐन प्रेमाच्या भरात! चिठ्ठी वाचून ऐकणारा तिथे गोंधळतो. न वाचता ऐकणाऱ्याला फक्त अंगावर काटा येतो. माझं मत विचाराल तर यादी दुसऱ्या खेपेला वाचावी.

सिनेमात ही युक्ती आली ती बरीचशी कार्डांसारखीच. तत्त्वज्ञ आडोर्नो आणि संगीतकार आइसलर यांनी १९४७मध्येच तक्रार केली होती की चित्रपटाच्या तुकड्या-तुकड्यांत सुरावटीला वाढायला जागाच मिळत नाही. रास्त आहे. तरी 'जॉज' (१९७५) पाहावा. जॉन विल्यम्सने शार्कसाठी घेतले दोनच स्वर, सा आणि कोमल रे असं म्हणा, आणि लय वाढवत नेली. मासा बराच वेळ दिसत नाही, सूर दिसतो. मध्ये दोन पोरं पुठ्ठ्याचा शार्कचा खोटा पर लावून किनाऱ्यावर पळापळ माजवतात, तेव्हा ते दोन स्वर वाजत नाहीत. सूर नाही तर शार्क नाही, असा करार प्रेक्षकाच्या नकळत होऊन बसतो. मग बोटीच्या मागच्या टोकाला उभा राहून पोलीस अधिकारी कुरकुरत पाण्यात आमिष टाकत असतो, वाद्यवृंद गप्प असतो, आणि त्याच्या हाताखालून जबडा वर येतो.