तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटी मोठं कोण?

दर बॅचला हा प्रश्न येतो. बहुतेक वेळा लेक्चर संपवून मी हातावरचा खडू झटकत असते तेव्हाच. "मॅडम, ते सगळं ठीक आहे, पण शेवटी मोठं कोण? संसद की सुप्रीम कोर्ट?" पुण्यात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना मी राज्यव्यवस्था शिकवते, मुलांच्या भाषेत पॉलिटी. हल्ली नातेवाईकही लग्नाच्या पंगतीत हेच विचारतात. फरक एवढाच, की उत्तर कोणत्या बाजूचं हवंय ते त्यांच्या आवाजावरूनच कळतं.

आन्सर कीमध्ये उत्तर असतं 'संविधान'. बरोबर आहे, मार्क मिळतो. पण विचारणाऱ्याच्या मनातली खुटखुट जात नाही. त्याला विचारायचं असतं, की दोघांचं खरंच जुंपलं तर चालणार कोणाचं? म्हणून मी केशव सिंहची गोष्ट सांगते. ही गोष्ट सांगताना वर्गात मोबाइल आपोआप खाली ठेवले जातात.

केशव सिंह हा गोरखपूरचा समाजवादी कार्यकर्ता. त्याने एका आमदाराच्या भ्रष्टाचाराबद्दल पत्रक काढलं. उत्तर प्रदेश विधानसभेने तो हक्कभंग ठरवला आणि समज द्यायला त्याला लखनौला बोलावलं. त्याने कळवलं, रेल्वेच्या तिकिटाला पैसे नाहीत. शेवटी १४ मार्च १९६४ ला त्याला धरून सभागृहात उभं केलं. अध्यक्षांनी नाव विचारलं. हा गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प, आणि अध्यक्षांकडे पाठ करून उभा. त्याआधी त्याने अध्यक्षांना पत्रही धाडलं होतं: पत्रकातला मजकूर खरा आहे, भ्रष्टाला भ्रष्ट म्हणायला मी कचरत नाही, आणि तुमचं हे फर्मान नादिरशाही आहे. सभागृहाने त्याला ७ दिवसांसाठी तुरुंगात पाठवलं.

१९ मार्चला सॉलोमन नावाच्या वकिलांनी अलाहाबाद हायकोर्टाच्या लखनौ खंडपीठात त्याच्यासाठी अर्ज केला. सुनावणी दुपारी ३ वाजता ठरली. सरकारी वकील तिकडे फिरकलेच नाहीत. न्या. बेग आणि न्या. सहगल यांनी केशव सिंहला जामीन दिला. म्हटलं तर रोजचंच काम.

दोन दिवसांनी विधानसभेने ठराव केला: केशव सिंह, त्याचा वकील आणि ते दोन न्यायमूर्ती, चौघांनीही सभागृहाचा अवमान केला आहे, चौघांना धरून आणा.

इथे मी थांबते आणि मुलांना विचारते, तुम्ही लखनौचे पोलीस अधिकारी आहात, काय कराल? एका हातात सभागृहाचा हुकूम, दुसऱ्या हातात कोर्टाचा. वर्गात दोन तट पडतात. प्रत्यक्षात काय झालं, तर दोघं न्यायमूर्ती स्वतःच अर्जदार होऊन आपल्याच हायकोर्टात गेले. २३ मार्चला अलाहाबादला २८ न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी विधानसभेच्या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. २८ न्यायमूर्ती एका रांगेत बसलेले डोळ्यासमोर आणून बघा. २५ तारखेला सभागृहाने अटकेचा आग्रह सोडला आणि न्यायमूर्तींनी येऊन आपलं म्हणणं मांडावं अशी नरमाईची भाषा धरली. २६ तारखेला राष्ट्रपतींनी घटनेच्या कलम १४३ खाली सगळं प्रकरण सुप्रीम कोर्टाकडे सल्ल्यासाठी पाठवलं.

सरन्यायाधीश होते साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर. ३० सप्टेंबरला ७ जणांच्या पीठाने ६ विरुद्ध १ असं मत दिलं, की असा अर्ज ऐकायचा हायकोर्टाला अधिकार आहे आणि तो ऐकला म्हणून न्यायमूर्तींनी सभागृहाचा अवमान केला असं होत नाही. आता कोर्टाचा अधिकार किती हे कोर्टानेच सांगायचं, यात थोडी गंमत आहे हे मी कबूल करते. पण त्या आठवड्यात गाडं अडलं ते सोडवलं कोणी? सभागृहाने पाऊल मागे घेतलं आणि केंद्रातल्या सरकारने विचारणा केली. कोर्टाने तर फक्त सल्ला दिला. आणि ज्याच्यापायी हे रामायण घडलं त्या केशव सिंहचा मूळ अर्ज? तो हायकोर्टाने पुढच्या वर्षी फेटाळला! त्याला शिक्षा देण्याचा सभागृहाचा अधिकार मान्य झाला. म्हणजे जिंकलं कोण, ते तुम्हीच ठरवा.

"म्हणजे कोणीच मोठं नाही?" पुढच्या बाकावरून येतंच. हो, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. एकाचं काम दुसऱ्याच्या सहीशिवाय अडेल अशी ती रचना आहे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. यातला एकही लगाम आपोआप ओढला जात नाही. कोणीतरी तो हातात घ्यावा लागतो.

पुस्तकात तीन खांबांचं चित्र असतं: विधिमंडळ, कार्यपालिका, न्यायपालिका. मला ते चित्र फारसं पटत नाही, कारण त्यातले पहिले दोन खांब आपल्याकडे एकाच जोत्यावर उभे आहेत. मंत्री सभागृहातूनच येतात आणि तिथेच बसतात. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याचं कारण सांगितलं होतं. अमेरिकेच्या पद्धतीत सरकारला स्थैर्य जास्त मिळतं आणि ब्रिटनच्या पद्धतीत जबाबदारी जास्त असते. आपण जबाबदारीला झुकतं माप दिलं. तिकडे सरकारची परीक्षा ठरावीक मुदतीने होते. इथे ती निवडणुकीत तर होतेच, शिवाय रोज होते: प्रश्न, स्थगन प्रस्ताव, अविश्वास ठराव. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने गेलं, तेव्हा ती रोजची परीक्षा किती खरी आहे ते अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं.

यातला माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे कपात सूचना. सरकार म्हणतं, अमुक खात्याला इतके कोटी द्या. एखादा सदस्य उठून म्हणतो, ही मागणी कमी करून १ रुपया करावी. एक रुपया! म्हणजे या खात्याचं धोरणच मला मान्य नाही. कुणी म्हणतं, १०० रुपयांनी कमी करावी, म्हणजे धोरणाशी भांडण नाही, एक विशिष्ट तक्रार आहे. आकड्याचं महत्त्व शून्य, पण त्या निमित्ताने मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. आणि अशी सूचना खरोखर मंजूर झाली तर सरकारने सभागृहाचा विश्वास गमावला असंच समजलं जातं. हे शिकवताना मी रंगात येते. मग मुलांना खरं सांगावं लागतं, की पक्षादेश निघाला की सत्ताधारी बाजूचा सदस्य असल्या सूचनेला मत देत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने (पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं) घोडेबाजाराला आळा घालायचा होता. त्याबरोबर स्वतःच्या सरकारला सभागृहात अडवणारा सदस्यही गेला. चर्चेचे दिवस संपले की राहिलेल्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मतदानाला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. नाव ऐकून मुलं हसतात.

केशवानंद भारती खटल्यावर मी फार वेळ घालवत नाही. २४ एप्रिल १९७३, १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६, संसद घटना दुरुस्त करू शकते पण तिची मूळ चौकट मोडू शकत नाही: हे झोपेतून उठवलं तरी मुलं सांगतील. त्यांच्या लक्षात राहत नाही ते लगेच पुढे घडलेलं. तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरकारने न्या. ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केलं आणि त्या तिघांनी राजीनामे दिले. निकाल बदलता आला नाही तर निकाल देणारे निवडावेत, हाही लगामच, पण उलट्या दिशेने ओढलेला.

"पण मग मूळ चौकट कोर्ट ठरवणार, म्हणजे कोर्टच मोठं!" असं ज्यांना वाटतं त्यांना मी १९७६ मध्ये नेते. आणीबाणी चालू आहे, हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात आहेत, आणि प्रश्न आहे त्यांना कोर्टात दाद मागता येईल का. न्या. खन्नांनी सरकारच्या वकिलांना विचारलं, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला मारून टाकलं तर? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर दाद नाही. २८ एप्रिलला ४ विरुद्ध १ ने सरकार जिंकलं. एकटे खन्ना विरोधात, आणि पुढच्या वर्षी सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला गेलं.

ही चूक दुरुस्त कोणी केली? संसदेने. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ठरवलं, की आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क गोठवता येणार नाही. कोर्टाने आपला निकाल चुकला होता असं स्पष्ट म्हटलं ते २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. १९७६ च्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा होता असं लिहिलं त्यांच्या मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. वर्गाला बापलेकाचीच गोष्ट आवडते. मला संसदेच्या दुरुस्तीपासून कोर्टाच्या कबुलीपर्यंतची ३९ वर्षं जास्त बोलकी वाटतात.

आता माझ्या क्लासपासून चालत जाता येईल अशा ठिकाणची गोष्ट. डेक्कनला गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था आहे. तिथे डी. सी. वाधवा नावाचे प्राध्यापक होते. संशोधन करताना त्यांच्या लक्षात आलं, की बिहारमध्ये काहीतरी विचित्र चाललंय. राज्यपालाला अध्यादेश काढता येतो, पण तो तात्पुरता. विधिमंडळ पुन्हा बसलं की ६ आठवड्यांत तो संपतो. हवा असेल तर रीतसर कायदा करा. बिहार सरकार काय करायचं, तर अधिवेशन संपलं की तोच अध्यादेश पुन्हा काढायचं. पुढच्या अधिवेशनानंतर पुन्हा. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश असे जिवंत ठेवले गेले. उसाच्या पुरवठ्याबद्दलचा एक तर जवळजवळ १४ वर्षं चालला.

वाधवांनी गोळा केलेल्या कागदांत जुलै १९८१ चं एक परिपत्रक आहे. संसदीय कामकाज खात्याने सगळ्या सचिवांना कळवलेलं, की अधिवेशन संपलं आहे, तेव्हा आपापल्या खात्याचे अध्यादेश मुदतीच्या आत पुन्हा काढून घ्या, आणि मजकुरात बदल नसेल तर मंत्रिमंडळाच्या मंजुरीची गरज नाही. हे मी दरवेळी वर्गात सावकाश वाचते. बँकेतल्या ठेवीचं नूतनीकरण करावं तसं कायद्याचं नूतनीकरण! राज्यपाल सही करत होते. दरवर्षी विधिमंडळ भरत होतं आणि आपला हक्क चाललाय म्हणून अडून बसत नव्हतं. कित्येक अध्यादेशांना राष्ट्रपतींची पूर्वपरवानगीही मिळालेली होती. चौकी आहे, पहारेकरी आहेत, सगळे पगारी आहेत, आणि १४ वर्षं कोणी हटकलं नाही.

हटकलं पुण्यातल्या प्राध्यापकाने. बिहार सरकार कोर्टात म्हणालं, यांचा काय संबंध? २० डिसेंबर १९८६ ला ५ न्यायमूर्तींनी सांगितलं, संबंध आहे, आणि सर्रास पुन्हा पुन्हा अध्यादेश काढणं ही घटनेशी लबाडी आहे. वाधवांना खर्चापोटी १०,००० रुपये द्यायचा आदेशही झाला.

गोष्ट इथे संपली असती तर मीही सुखाने डस्टर उचललं असतं. पण बरोबर ३ वर्षांनी, डिसेंबर १९८९ मध्ये, त्याच बिहारमध्ये ४२९ संस्कृत शाळा सरकारने ताब्यात घेण्याचा अध्यादेश निघाला. मग दुसरा, मग तिसरा, असे १९९२ पर्यंत. कायदा झालाच नाही. शेवटचा अध्यादेश मुदत संपून विझला आणि त्या शाळांमधले शिक्षक, जे अध्यादेशामुळे सरकारी नोकर झालो असं समजून बसले होते, ते कोर्टात गेले. निकाल लागला २ जानेवारी २०१७ ला, ७ न्यायमूर्तींपुढे. अध्यादेश विधिमंडळापुढे ठेवलेच नव्हते, तेव्हा त्यांतून कोणताही हक्क मिळाला नाही असं ठरलं. दिलेला पगार मात्र परत घेऊ नये.

मागच्या बॅचला एका मुलीने मोठं कोण हे विचारलंच नाही. ती वही मिटून म्हणाली, "मॅडम, १९८९ ला जे चाळिशीत होते ते मास्तर २०१७ ला किती वर्षांचे?" मी फळ्यावर वजाबाकी मांडली.